‘अमेरिका ड्रायव्हिंग पॅकेज’ : साडेसात हजारांत काय मिळालं, काय नाही

आमच्या भागातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या बाहेर गेल्या वर्षी फ्लेक्स लागला होता : ‘परदेशी जाताय? अमेरिका ड्रायव्हिंग पॅकेज. इंटरनॅशनल परमिट + अमेरिकेचे नियम + सराव. रु. ७,५००.’ फ्लेक्सवर स्वातंत्र्यदेवी, तिच्या पायाशी लाल स्विफ्ट, छतावर इंग्रजी ‘एल’. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियाला निघाले होते, सहा महिन्यांसाठी. जावई ऑफिसात, मुलगी ओली बाळंतीण, आणि दूध संपलं तर आणणार कोण? मी एकसष्ट वर्षांची, बँकेतून निवृत्त, आणि चोवीस वर्षं पुण्यात स्वतःची गाडी चालवतेय. पैसे भरले.

स्कूलचं नाव लिहीत नाही. निम्मं कौतुक आणि निम्मी तक्रार असा मामला आहे, आणि मालकांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत आहे. कोथरूडकरांना फ्लेक्सवरून कळेलच.

आधी परमिटचं बोलते, कारण लोक त्याच्याचसाठी जातात. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मिळवणं मुळीच अवघड नाही. सरकारच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज करायचा, लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसा जोडायचा. सरकारी शुल्क १,००० रुपये. मुदत एक वर्ष. देणार फक्त आरटीओ, आपल्याकडे संगम पुलाजवळचं. २०२२ पासून देशभर एकच नमुना आहे आणि त्यावरच्या क्यूआर कोडमुळे परमिट तुमच्या मूळ लायसन्सशी जोडलेलं असतं. अर्ज भरायला मला माझ्या टेबलावर वीस मिनिटं पुरली असती. स्कूलमधल्या मुलाला चाळीस लागली, त्यात त्याने माझ्या आडनावाचं स्पेलिंग दोनदा चुकवलं. तेव्हा या कामाचे पैसे फुकट गेले असं मी लिहिणार होते.

पण लिहिता येत नाही. काउंटरवर मालकांच्या पत्नी बसतात. त्यांनी माझं लायसन्स हातात घेतलं, उलटं केलं, आणि विचारलं, “परत कधी येणार म्हणालात?” डिसेंबर, मी म्हटलं. “हे तर सप्टेंबरात संपतंय.” मी पासपोर्टची मुदत पाहिली होती, व्हिसाची पाहिली होती, औषधांची सुद्धा पाहिली होती. लायसन्सची नाही! पंचावन्नच्या पुढे आपलं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं, आणि माझी पाच वर्षं कधी सरली ते कळलंच नव्हतं. परमिट हे काही स्वतंत्र लायसन्स नव्हे, ते मूळ लायसन्सच्या जिवावर जगतं. लायसन्स मेलं की परमिटही गेलं. मुदत संपायच्या आधी वर्षभरात कधीही नूतनीकरण करता येतं, त्यामुळे डॉक्टरांचा दाखला घेऊन ते आधी करून घेतलं आणि मग परमिटचा अर्ज केला. त्या बाईंनी ते कार्ड उलटं केलं नसतं, तर सप्टेंबरनंतर मी परदेशात विनालायसन्स गाडी हाकत असते. साडेसात हजारांपैकी दोन हजार मी त्यांच्या नावे लिहिते.

माझ्या जाऊबाईंनी यातलं काही न करता इंटरनेटवरून कुठलंसं ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ मागवलं होतं. चकचकीत प्लॅस्टिकचं कार्ड, मुदत तीन वर्षं, घरपोच. त्याची किंमत त्यांनी अजून मला सांगितलेली नाही. आपल्या देशाच्या लायसन्सवरचं परमिट आपल्याच देशातून निघतं. एका वर्षाच्या वर मुदत दिसली की कार्ड मुलांना खेळायला द्यावं.

आता शिकवणी. तीन वर्ग, प्रत्येकी दीड तास, संध्याकाळी सात वाजता. आम्ही तिघं होतो : मी, टेक्सासला एम.एस.ला निघालेला तेवीस वर्षांचा मुलगा, आणि लग्न होऊन न्यू जर्सीला एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसावर, निघालेली एक मुलगी. मालक स्वतः शिकवतात. ते नव्वदच्या दशकात काही वर्षं न्यू जर्सीत नोकरीला होते. मुलगा आणि ती मुलगी मला काकू म्हणायची, ते ठीकच. पण साठीचे मालकही काकू म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना काका म्हटलं, त्यानंतर मॅडम सुरू झालं.

शिकवतात मात्र उत्तम. हे मी बँकेत सतरा ट्रेनिंगं झोपेत काढलेली बाई म्हणून सांगते. फळा नाही, प्रोजेक्टर नाही. टेबलावर चार स्टीलच्या वाट्या ठेवल्या, खडूने चौक आखला. तिथे सिग्नल नसलेल्या बऱ्याच चौकांत चारही बाजूंना ‘थांबा’ अशी पाटी असते. चौघांनीही पूर्ण थांबायचं. जो आधी थांबला तो आधी निघणार. दोघं एकदम थांबले तर उजव्या हाताचा आधी. पोलीस नाही, हॉर्न नाही, हात दाखवणं नाही. आम्ही तिघांनी वाट्या सरकवायच्या आणि ते चौथी सरकवायचे, मुद्दाम घुसवून. पहिल्या दिवशी टेक्सासवाल्याने माझी वाटी सहा वेळा उडवली. त्याचं म्हणणं, “काकू, तुम्ही थांबलात म्हणजे मला वाटलं तुम्ही मला जा म्हणताय.” नळस्टॉपला दुचाकी शिकलेल्या मुलाला आणखी काय वाटणार?

पूर्ण थांबणं म्हणजे किती, हे त्यांनी ज्या तऱ्हेने शिकवलं ते मी जन्मात विसरणार नाही. चाक थांबल्यावर मोठ्याने म्हणायचं : एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल. मगच पाय उचलायचा. आपण पुणेकर थांबतो म्हणजे वेग कमी करतो. विठ्ठल म्हणायला लागल्यावर कळलं की मी चोवीस वर्षांत लाल सिग्नल सोडून कुठेही थांबलेलीच नाही.

सराव रविवारी सकाळी सहाला, बावधनच्या बाजूला एका अर्धवट बांधलेल्या वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर, वॉचमनला सांगून. डाव्या स्टिअरिंगची गाडी पुण्यात कुठून आणणार? त्यांनी त्यावर काढलेली युक्ती मला फार आवडली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही, म्हणजे डावीकडे, क्लच आणि ब्रेक असतो. त्यांनी मला तिथे बसवलं. स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवू लागले. माझं काम एवढंच : डावीकडच्या खुर्चीतून रस्ता बघायचा, गाडीची उजवी कड फुटपाथपासून किती लांब आहे ते ओरडून सांगायचं, आणि चुकतंय वाटलं की ब्रेक दाबायचा. अर्ध्या तासात घाम फुटला. उजवीकडचं चाक कुठे आहे याचा मला काही पत्ताच लागत नव्हता. तासाभराने लागायला लागला. तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी जावई म्हणाले, “आई, तुम्ही लेनच्या बरोब्बर मधोमध आहात.” नवीन माणूस म्हणे उजवीकडे सरकत जातो. हे सगळं त्या बावधनच्या तासाचं श्रेय, आणि उरलेल्या पैशांतले चार हजार मी खुशीने त्या तासाला देते.

आता तक्रार. एकच आहे, पण मोठी आहे.

फ्लेक्सवर लिहिलंय ‘अमेरिकेचे नियम’. असं काही नसतं. लायसन्सच्या बाबतीत अमेरिका हा एक देश नाहीच, पन्नास संस्थानं आहेत. केंद्र सरकारचं लायसन्सच नाही. प्रत्येक राज्य स्वतःचं देतं, स्वतःचे नियम करतं, आणि देणाऱ्या कचेरीचं नावही वेगळं ठेवतं. कॅलिफोर्नियात डीएमव्ही, न्यू जर्सीत मोटार व्हेइकल कमिशन, टेक्सासात पब्लिक सेफ्टीचं खातं, मिशिगनमध्ये चक्क सेक्रेटरी ऑफ स्टेट. आमच्या सरांनी जे शिकवलं ते न्यू जर्सीचे नियम होते, आणि ते तिघांना सारखेच वाटून दिले. बाराखडी एक म्हणून मराठी शिकवणाऱ्याने नेपाळीचाही क्लास घ्यावा, तसं.

पहिला दणका परमिटचाच. वर्गात सांगितलं होतं, “हे परमिट म्हणजे वर्षभर अख्ख्या अमेरिकेत चालणारं लायसन्स.” कॅलिफोर्नियाची डीएमव्ही स्वच्छ शब्दांत लिहिते की इंटरनॅशनल परमिटला आम्ही लायसन्स मानत नाही. त्यांना हवं असतं आपलं मूळ लायसन्स. पाहुणा म्हणून आलेल्या अठरा वर्षांवरच्या माणसाचं आपल्या देशाचं लायसन्स चालू असेल तर तो तिथे गाडी चालवू शकतो, राज्याचं लायसन्स काढायची गरज नाही. म्हणजे माझ्या पर्समधलं खरं कामाचं कार्ड होतं आपलं एमएच-१२ वालं. परमिट टाकाऊ असं म्हणत नाही, भाड्याची गाडी घेताना किंवा दुसऱ्या राज्यात गेल्यावर बरोबर असलेलं बरं. पण फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात जे छापलंय ते कॅलिफोर्नियात सगळ्यात कमी लागलं. आणि राज्यांची लहर तर विचारू नका. फ्लोरिडाने १ जानेवारी २०१३ पासून सगळ्या परदेशी पाहुण्यांना परमिट सक्तीचं केलं होतं. तिथे हिवाळा काढायला जाणाऱ्या कॅनडावाल्यांची पंचाईत झाली आणि त्याच वर्षी कायदा बदलावा लागला.

पाहुण्याचं हे असं. तिथे राहायला गेलेल्याचं वेगळं, आणि ‘राहायला’ केव्हापासून धरायचं तेही राज्य ठरवतं. कॅलिफोर्नियात रहिवासी झालात की दहा दिवसांत लायसन्स काढायचं. न्यू जर्सीत साठ दिवस. टेक्सासात नव्वद. माझ्या मुलीकडे पुण्याचं आठ वर्षांचं जुनं लायसन्स होतं, तरी तिला लेखी परीक्षा आणि गाडीची परीक्षा दोन्ही द्याव्या लागल्या. लेखीत छत्तीस प्रश्न, तीस बरोबर हवेत. ती पहिल्या खेपेला गाडीत नापास झाली, लेन बदलताना आरशात बघितलं पण मान वळवून बघितलं नाही म्हणून. हे सरांनी आम्हाला घोकून घेतलं होतं, कबूल करते.

शिवाय तिच्या लायसन्सवरची तारीख बघून मी चकित झाले. आपल्यासारखी दहा-वीस वर्षं नाहीत. तिथे राहायच्या परवानगीचा कागद ज्या दिवशी संपतो, त्याच दिवशी लायसन्सही संपतं. जावयांच्या व्हिसाची मुदतवाढ अडकली की हिचं लायसन्स अडकलं. गाडी दारात उभी, चालवता येते, परीक्षा पास, आणि तरी खिडकीत बसून फाईलची वाट बघायची. वर्गात यातलं अक्षरही नव्हतं. नव्वदच्या दशकातल्या माणसाकडे असणार कुठून? लायसन्सची मुदत अशी राहायच्या परवानगीला बांधणारा रिअल आयडीचा कायदा २००५ चा, म्हणजे त्यानंतरचा.

टेक्सासवाल्याचं जास्त वाईट झालं. सरांनी त्याला सांगितलं होतं, “उतरल्या दिवशी रांगेत उभा राहा, नंतर गर्दी होते.” विद्यार्थ्यांना तिकडची सरकारी सूचनाच आहे की आल्यावर दहा दिवस थांबून जा, कारण तुम्ही देशात आल्याची नोंद सगळ्या खात्यांच्या संगणकांत उतरायला वेळ लागतो. हा पठ्ठ्या तिसऱ्या दिवशी गेला आणि हात हलवत परत आला. शिवाय टेक्सासात अठरा ते चोवीस वयाच्या नव्या उमेदवाराला सहा तासांचा कोर्स सक्तीचा. तेवीस वर्षांचा घोडा, पुण्यात पाच वर्षं गाडी चालवलेला, पुन्हा वर्गात. जर्मनी, फ्रान्स, दक्षिण कोरिया, तैवान आणि कॅनडा यांच्याशी टेक्सासचा करार आहे, त्यांची लायसन्सं परीक्षेशिवाय बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही.

न्यू जर्सीची मुलगी खूश. तिला सगळं लागू पडलं : लेखीचे पन्नास प्रश्न, त्यातले चाळीस बरोबर, सगळं सरांनी सांगितल्याबरहुकूम. तिने पाच तारे दिलेत, ते वाचून कोणी टेक्सासवाला फसू नये म्हणून मी एवढं लिहितेय.

माझी स्वतःची फजिती दोनदा झाली. पहिली डाव्या वळणाची. न्यू जर्सीत मोठ्या रस्त्यावर डावीकडे जायचं तर बऱ्याच ठिकाणी आधी उजवीकडच्या फाट्यावर शिरायचं, गोल फिरायचं आणि मग सिग्नलला रस्ता ओलांडायचा. सरांनी हे वाट्यांनिशी दोनदा शिकवलं होतं. मी कॅलिफोर्नियात एल कॅमिनो रिआल या रस्त्यावर, उजवीकडच्या लेनमध्ये, तो फाटा कधी येतो याची वाट बघत चाललेली. जावई थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “आई, आपल्याला डावीकडे जायचंय ना?” तोवर दोन सिग्नल मागे पडले होते. तिथे डावीकडे जायला डावीकडचीच लेन असते. इतकं सरळ असेल असं मला वाटलंच नव्हतं.

दुसरी फजिती पेट्रोल पंपावरची. एकटीच गेले होते. गाडी पंपाला लावली, काच खाली केली, आणि बसून राहिले. पाच मिनिटं गेली. कोणी येईना. शेजारची बाई स्वतःच नळी घालून भरत होती, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. न्यू जर्सीत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला १९४९ पासून बंदी आहे. आमचे सर तिथे राहिले आणि मग पुण्यात आले, म्हणजे त्या माणसाने जन्मात स्वतः पेट्रोल भरलेलं नाही! ते आम्हाला शिकवणार कुठून? उतरले, कार्ड घातलं. यंत्राने पोस्टाचा कोड मागितला. मी ४११०३८ दाबायला गेले. यंत्राला पाच आकडे हवे होते आणि कोथरूडला सहा आहेत. शेवटी आत जाऊन गल्ल्यावरच्या मुलाला तीस डॉलर रोख दिले आणि चार नंबरचा पंप म्हणून सांगितलं, मग नळीतून पेट्रोल आलं. परदेशी कार्डवाल्यांनी ही आत जायची वाट लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट वर्गात यायला हवी होती : विमा. लायसन्स चालतं म्हणून मुलीची गाडी उचलली असं करू नका. सहा महिने त्याच घरात राहणार होते, म्हणून जावयांनी विमा कंपनीला फोन करून माझं नाव पॉलिसीत घातलं. हप्ता थोडा वाढला.

बाकी किरकोळ. पाठपुस्तिका झेरॉक्सची झेरॉक्स आहे, पान नऊ वाचता येत नाही. वर्गाला चहा मिळतो, चांगला असतो. पार्किंग नाही, गाडी शिकवणाऱ्यांकडे पार्किंग नसावं याचं मला नवल वाटलं.

तारे : काउंटरवरच्या बाईंना पाच. वाट्या, विठ्ठल आणि बावधन यांना साडेचार. ‘अमेरिकेचे नियम’ला दोन, न्यू जर्सीला जाणार असाल तर पाच. अर्ज भरणाऱ्या मुलाला एक.

परत आल्यावर चॉकलेटं घेऊन स्कूलमध्ये गेले आणि पेट्रोल पंपाची गोष्ट सांगितली. सर मनापासून हसले, मग गप्प झाले. मग वही काढली आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावून लिहून घेतलं, दहा दिवस, नव्वद दिवस, छत्तीस प्रश्न, पाच आकडे. म्हणाले, “मॅडम, पुढच्या बॅचला कॅलिफोर्निया तुम्हीच घ्या ना.” मी मानधन विचारलं. फोन करतो म्हणाले. त्याला आता दोन महिने झाले.